कोटब्रिजचा सेंटर-हाफ

स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये १९४८-४९ च्या मोसमात अल्बियन रोव्हर्स नावाचा संघ वरच्या विभागात खेळत होता. ३० सामन्यांपैकी त्याने ३ जिंकले, २ बरोबरीत सोडवले आणि उरलेले सगळे गमावले. शंभराहून जास्त गोल अंगावर घेतले. मोसम संपला तसा संघ पुन्हा खालच्या विभागात गेला. या संघाच्या बचावफळीच्या मधोमध, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त मार बसतो त्या जागी, सव्वीस वर्षांचा एक धिप्पाड गडी उभा असायचा. आठवडाभर कोळशाच्या खाणीत राबायचा आणि शनिवारी दुपारी रोव्हर्सकडून खेळायचा. नाव जॉन स्टीन, पण सगळे त्याला जॉक म्हणत. पुढे अठरा वर्षांनी याच माणसाने घडवलेल्या संघाने लिस्बनमध्ये युरोपियन चषक जिंकला. हा चषक तोवर ब्रिटनमधल्या एकाही क्लबला जिंकता आला नव्हता.

स्टीनवर लिहिताना त्याची खालच्या विभागातली वर्षं बहुतेक जण दोन ओळींत उरकतात आणि थेट लिस्बनला पोहोचतात. मला ते पटत नाही. जी नजर घेऊन तो पुढे प्रशिक्षक झाला, ती त्याला तिथेच मिळाली असं माझं मत आहे. ज्याला चेंडू आपोआप वश होतो, त्याला खेळ कसा चालतो याचा विचार करावा लागत नाही. स्टीनला तो रोज करावा लागे.

त्याचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२ चा, ग्लासगोच्या आग्नेयेला हॅमिल्टनजवळच्या बर्नबँकमधला. तो सगळा लॅनर्कशर परगणा कोळशाचा आणि लोखंडाचा. वडील खाणकामगार. १९३७ मध्ये शाळा सुटली. काही महिने गालिच्यांच्या कारखान्यात काढून मुलगाही खाणीत उतरला. त्या पट्ट्यातल्या मुलांना खाणीतून बाहेर पडायचा एक रस्ता दिसत असे, तो फुटबॉलचा. मँचेस्टर युनायटेड उभी करणारा मॅट बझ्बी तिथून जवळच्याच बेल्सहिलचा, तर लिव्हरपूलचं नशीब पालटणारा बिल शँकली शेजारच्या एअरशरमधल्या ग्लेनबकचा. दोघंही खाणीत काम केलेले. पण ते खेळाडू म्हणूनही मोठे झाले, स्कॉटलंडकडून खेळले. स्टीनच्या वाट्याला राष्ट्रीय संघाची जर्सी कधीच आली नाही.

तो आधी ब्लँटायर व्हिक्टोरिया या स्थानिक क्लबकडून खेळला आणि १९४२ मध्ये अल्बियन रोव्हर्समध्ये दाखल झाला. युद्ध चालू होतं. कोळसा काढणाऱ्यांना सैन्यात नेत नसत, म्हणून स्टीन गावातच राहिला आणि त्याला खेळायलाही मिळालं. रोव्हर्स हा कोटब्रिज या लोखंडाच्या भट्ट्यांच्या गावचा, १८८२ मध्ये स्थापन झालेला क्लब. क्लिफ्टनहिल हे त्यांचं मैदान. १९२० साली ते स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले होते. गावाला अभिमानाने सांगायला एवढंच होतं. बाकी जीव छोटा, पैसा बेताचा, खेळाडू अर्धवेळ. पाळी संपवून, अंग धुऊन संध्याकाळी सराव करायचा, शनिवारी सामना खेळायचा आणि सोमवारी पुन्हा जमिनीखाली जायचं. या रहाटीत स्टीनने आठ वर्षं काढली.

खेळाडू म्हणून तो कसा होता? डोक्याने चेंडू परतवण्यात त्याचा हात धरणारे फार नव्हते. अंगात ताकद होती. पण पायांत सफाई नव्हती. चेंडू अडचणीच्या उंचीवर आला की तो सरळ गुडघ्याने तडकावायचा, आणि त्या गुडघ्याची पुढे ख्याती झाली. वेगही बेताचाच होता. असा बचावपटू टिकतो तो आधी ओळखण्यावर. समोरचा आघाडीवीर कुठे वळणार, आपला जोडीदार कुठे कमी पडणार, चेंडू दोन पासनंतर कुठे येणार, हे त्याला बाकीच्यांच्या आधी दिसावं लागतं. स्टीन मैदानात सारखा बोलत असे, हातवारे करून माणसं हलवत असे. संघ हरत असताना प्रत्येक माणूस किती तग धरतो, हे त्याने शंभर वेळा जवळून पाहिलं होतं.

१९५० मध्ये रोव्हर्सशी त्याचं पैशांवरून बिनसलं आणि तो वेल्समधल्या लानेली या क्लबकडे गेला. हा संघ इंग्लंडच्या व्यावसायिक साखळीतलाही नव्हता. पण इथे आठवड्याला १२ पौंड मिळत, आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी स्टीन पहिल्यांदा पूर्णवेळ फुटबॉलपटू झाला. तेही सुख फार काळ टिकलं नाही. हॅमिल्टनमधल्या त्याच्या बंद घरात दोनदा चोरी झाली, बायकोचा, जीनचा, जीव वेल्समध्ये लागेना आणि दोघांनी परतायचं ठरवलं. परतायचं म्हणजे पुन्हा खाणीतच उतरायचं. डिसेंबर १९५१ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने त्याला १,२०० पौंडांना घेतलं, तेही राखीव संघातल्या पोरांच्या सोबतीला एक अनुभवी माणूस असावा म्हणून. त्याचं नाव सुचवलं होतं क्लबच्या जिमी ग्रिबनने. वर्तमानपत्रांनी आणि प्रेक्षकांनी ही खरेदी मनावर घेतली नाही.

सेल्टिकविषयी थोडं सांगायला हवं. ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश कॅथलिक वस्तीतली मुलं उपाशी राहू नयेत, त्यांच्या जेवणाला पैसा उभा राहावा, म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने १८८७ मध्ये हा क्लब काढला. (१९३६ साली कलकत्त्याचा मोहम्मद सलीम पायांना फक्त पट्ट्या बांधून, अनवाणी, याच क्लबच्या राखीव संघाकडून खेळला होता. आपल्याकडे ही गोष्ट अजून पुरेशी सांगितली जात नाही.) शहराचा दुसरा मोठा क्लब रेंजर्स, तो प्रोटेस्टंटांचा. स्टीन प्रोटेस्टंट, घर रेंजर्सच्या बाजूचं. तो सेल्टिकची हिरवी-पांढरी जर्सी घालणार हे कळल्यावर लहानपणापासूनचे काही मित्र त्याच्याशी बोलेनासे झाले. त्याने ते सोसलं आणि त्याचा गवगवा कधी केला नाही.

पुढचं फार झपाट्याने घडलं. पहिल्या संघातले बचावपटू जखमी झाले, स्टीनला उभं केलं गेलं आणि त्याची जागा पक्की झाली. १९५२ मध्ये तो कर्णधार झाला. १९५३ च्या कॉरोनेशन चषकात सेल्टिकने आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड आणि अंतिम सामन्यात हिबर्नियन यांना हरवलं. १९५४ मध्ये साखळी आणि स्कॉटिश चषक दोन्ही एकाच मोसमात जिंकले, सेल्टिकसाठी १९१४ नंतर पहिल्यांदा. त्याच उन्हाळ्यात क्लबने आपल्या खेळाडूंना स्वित्झर्लंडला विश्वचषक बघायला नेलं. तिथे उरुग्वेने स्कॉटलंडला ७-० असं धुतलं. हंगेरीचे आघाडीवीर जागा सोडून मागे येत, बचावपटूंना ओढून नेत आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरेच धावत शिरत. स्टीन हे सगळं डोळ्यांत साठवत होता. परत आल्यावर दुपारच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या आणि मिरपुडीच्या बाटल्या सरकवून तो सोबत्यांना कोण कुठे जायला हवा होता ते दाखवत बसे. तेव्हाच्या स्कॉटिश फुटबॉलमध्ये असं बोलायची पद्धत नव्हती. व्यवस्थापक कोट-टाय घालून कचेरीत बसे, ट्रेनर मैदानाभोवती फेऱ्या मारायला लावी आणि ‘शनिवारी चेंडूची भूक राहावी’ म्हणून आठवडाभर चेंडूला फारसा हातही लावू देत नसे.

१९५५ मध्ये रेंजर्सविरुद्ध खेळताना स्टीनचा घोटा दुखावला. शस्त्रक्रिया झाली, पण सांधा आखडला तो आखडलाच आणि चाल कायमची लंगडी झाली. १९५७ च्या सुरुवातीला त्याने निवृत्ती जाहीर केली. क्लबने त्याच्याकडे राखीव संघ सोपवला. इथून प्रशिक्षक स्टीन सुरू होतो.

त्याच्या हाताखाली आली ती पोरं म्हणजे बिली मॅकनील, पॅट क्रेरँड, जॉन क्लार्क. स्टीनने सरावात चेंडू आणला. सराव संपल्यावरही तो त्यांना थांबवून घेई, एकेकाला त्याची उणीव दाखवून तेवढ्याच एका गोष्टीवर घाम गाळायला लावी. लॅनर्कशरच्या पोरांबरोबर त्याच बसने तो घरी जाई आणि रस्ताभर फुटबॉलच्या गप्पा चालत. मॅकनील पुढे त्याचा कर्णधार झाला, त्याची घडण या बसमध्ये सुरू झाली म्हटलं तरी चालेल. पण सेल्टिकमध्ये वर जायला वाट दिसत नव्हती. संघ कोण निवडतं? व्यवस्थापक जिमी मॅकग्रोरी हा क्लबचा जुना, विक्रमी गोल करणारा, स्वभावाने मऊ माणूस. निवडीत शेवटचा शब्द अध्यक्ष रॉबर्ट केली यांचा. आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीत तोवर कॅथलिक नसलेला माणूस कधीच बसला नव्हता.

मार्च १९६० मध्ये स्टीनने डन्फर्मलिन हा क्लब घेतला. साखळीत तळाजवळ गेलेला हा संघ महिनोन्‌महिने एकही सामना जिंकला नव्हता. सहा सामने उरले होते. पहिलाच सामना सेल्टिकशी पडला. डन्फर्मलिनने पहिल्याच मिनिटाला गोल केला आणि ३-२ ने जिंकला. मग उरलेले पाचही जिंकून संघ वरच्या विभागात टिकला. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १९६१ ला, स्कॉटिश चषकाच्या अंतिम फेरीच्या फेरसामन्यात त्याने सेल्टिकला २-० ने हरवलं. गोलरक्षक एडी कॉनाखनने त्या दिवशी सेल्टिकचं सगळं आक्रमण परतवून लावलं. डन्फर्मलिनचा हा पहिला स्कॉटिश चषक होता.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो डिसेंबर १९६२ चा व्हॅलेन्सियाविरुद्धचा सामना. फेअर्स चषक या युरोपीय स्पर्धेत स्पेनमधला पहिला सामना डन्फर्मलिन ४-० ने हरला होता. समोर गतविजेता संघ. गावात कोणालाही आशा नव्हती. स्टीनने परतीच्या सामन्यात तरुण पोरं उतरवली, पहिल्या मिनिटापासून तुटून पडायला सांगितलं, आणि डन्फर्मलिन ६-२ ने जिंकला. दोन्ही सामन्यांची बेरीज बरोबरीत सुटली. तिसरा, निर्णायक सामना तिऱ्हाईत मैदानावर ठेवला गेला आणि तिथे मात्र १-० ने हार झाली. ते तिऱ्हाईत शहर लिस्बन होतं. युरोपच्या बलाढ्य संघांना घाबरायचं कारण नाही, हे स्टीनला इथे कळलं. पुढच्याच वर्षी तो इटलीत जाऊन इंटर मिलानचा प्रशिक्षक हेलेनियो हेरेराचा सराव पाहून आला. बचाव कुलूपबंद कसा करायचा हे हेरेरा जगाला शिकवत होता. ते कुलूप उघडायचं कसं, याचा विचार घेऊन स्टीन मायदेशी परतला.

मधले काही महिने एडिनबराच्या हिबर्नियनमध्ये गेले आणि तिथेही मैत्रीपूर्ण सामन्यात त्यांनी रेआल माद्रिदला २-० ने हरवलं. मार्च १९६५ मध्ये सेल्टिकने त्याला परत बोलावलं. स्टीनने संघनिवडीचा पूर्ण अधिकार मागितला आणि तो मिळाला. सेल्टिकचा तो पहिला बिगर-कॅथलिक व्यवस्थापक. सात-आठ वर्षं क्लबच्या कपाटात एकही मोठा चषक आला नव्हता. सहा-सात आठवड्यांत, एप्रिलमध्ये, अंतिम सामन्यात डन्फर्मलिनलाच ३-२ ने हरवून स्कॉटिश चषक आला. शेवटचा गोल बसमधल्या त्या मॅकनीलचा, डोक्याने मारलेला.

यापुढची किमया खरेदीची नव्हती. बहुतेक खेळाडू क्लबमध्ये आधीपासूनच होते. स्टीनने त्यांच्या जागा बदलल्या. बॉबी मर्डॉकला आघाडीतून मागे आणून मध्यफळीचा मेंदू केलं. कडेने धावणाऱ्या बर्टी ऑल्डला त्याच्या शेजारी उभं केलं. गोलरक्षक रॉनी सिम्पसनला तर खुद्द स्टीननेच हिबर्नियनमध्ये असताना नकोसा ठरवून सेल्टिकला विकलं होतं. आता त्यालाच पहिल्या संघात घेतलं. सिम्पसन तेव्हा पस्तिशीला टेकलेला, १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला माणूस. आधी केलेलं मत गुंडाळून ठेवायची तयारी मोठ्या प्रशिक्षकांत कमी आढळते, म्हणून मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

१९६६-६७ च्या मोसमात सेल्टिकने खेळलेली प्रत्येक स्पर्धा जिंकली: साखळी, स्कॉटिश चषक, लीग चषक, ग्लासगो चषक आणि युरोपियन चषक. उपांत्य फेरीत दुक्ला प्रागला घरी ३-१ ने हरवल्यावर प्रागमध्ये स्टीनने संघाला मागे खेचलं आणि ०-० अशी बरोबरी राखून अंतिम फेरी गाठली. जिंकूनही तो नाखूष होता. असं खेळणं आपलं नव्हे आणि पुन्हा कधी असं खेळायचं नाही, असं तो म्हणाला.

२५ मे १९६७, लिस्बन. समोर हेरेराचा इंटर. सातव्या मिनिटाला माझोलाने पेनल्टीवर गोल केला, आणि इंटरला एका गोलची आघाडी म्हणजे सामना संपल्यातच जमा, असा तेव्हा समज होता. चार बचावपटू माणसाला माणूस चिकटलेले, त्यांच्या मागे मोकळा पीक्की, सुटलेलं सगळं वेचायला. स्टीनचा डाव साधा होता. आघाडीवीर चामर्स आणि वॉलेस यांनी आपापले पहारेकरी इकडेतिकडे ओढून न्यायचे, आणि रिकाम्या झालेल्या जागेत मागून मर्डॉक, ऑल्ड आणि दोन्ही बाजूंचे बचावपटू घुसायचे. १९५४ च्या हंगेरीचा धडा तेरा वर्षांनी उपयोगी पडला. चेंडू दोनदा आडव्या खांबावर आदळला, इंटरचा गोलरक्षक सार्ती याने गोलसमोर कमाल केली, आणि ६३ व्या मिनिटाला उजव्या बाजूचा बचावपटू क्रेग याने मागे दिलेला चेंडू डाव्या बाजूचा बचावपटू गेमेल याने धावत येऊन वीस-बावीस मीटरवरून जाळ्यात ठोकला. स्टीनची सक्त ताकीद होती की एका बाजूचा बचावपटू पुढे गेला तर दुसऱ्याने मागे थांबायचं. क्रेग पुढे होता, तरी गेमेल गेला. ताकीद मोडली म्हणून गोल झाला, पण मोडायची हिंमत ज्या मोकळेपणातून आली, तोही स्टीननेच दिलेला होता. ८४ व्या मिनिटाला मर्डॉकच्या फटक्याला चामर्सने दिशा दिली आणि निकाल २-१ झाला.

या अकराही खेळाडूंचा जन्म सेल्टिकच्या मैदानापासून सुमारे ५० किलोमीटरच्या आतला. क्रेगने दंतवैद्यकाचं शिक्षण घेतलेलं होतं. त्याच्या सोबत्यांपैकी कितीतरी जणांना मात्र कृत्रिम दात होते, आणि ते त्यांनी सामन्याआधी सिम्पसनच्या टोपीत काढून ठेवले होते. टोपी पूर्ण सामनाभर गोलच्या जाळ्यात पडलेली. चषक घेताना फोटोत बोळकं दिसू नये म्हणून ही तजवीज.

माणूस ओळखण्याची स्टीनची हातोटी जिमी जॉनस्टनच्या एका प्रसंगात नीट दिसते. लहानखुरा, लालकेशी जॉनस्टन चेंडू पायाशी आला की भल्याभल्यांना घुमवे, पण त्याला विमानाची विलक्षण भीती होती. नोव्हेंबर १९६८ मध्ये रेड स्टार बेलग्रेडशी गाठ पडली. स्टीनने त्याला सांगितलं, घरच्या सामन्यात आपण चार गोलच्या फरकाने जिंकलो तर तुला परतीच्या सामन्याला बेलग्रेडला नेणार नाही. मध्यंतराला १-१ होतं. उत्तरार्धात जॉनस्टनने दोन गोल केले, आणखी करवून घेतले आणि सेल्टिक ५-१ ने जिंकला. त्याला धाक घालणं सोपं होतं. स्टीनने त्याची भीतीच कामाला लावली आणि मग शब्दही पाळला.

१९६६ ते १९७४ या काळात सेल्टिकने साखळी सलग ९ वेळा जिंकली. १९७० मध्ये ते पुन्हा युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात गेले आणि फेयेनूर्डकडून जादा वेळेत २-१ ने हरले. त्या वेळी प्रतिस्पर्ध्याला कमी लेखण्यात स्टीनही चुकला, असं मला वाटतं. २ जानेवारी १९७१ ला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानात जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत ६६ जण गेले, तेव्हा कुठल्या रंगाचा मफलर कोणाच्या गळ्यात आहे हे न बघता तो जखमींच्या मदतीला धावला. १९७५ च्या उन्हाळ्यात मोटारीच्या भीषण अपघातातून तो वाचला, पण एक अख्खा मोसम घरी काढावा लागला. १९७७ मध्ये साखळी आणि चषक पुन्हा जिंकले. पण केनी डॅलग्लिश लिव्हरपूलला गेला आणि संघ खचला. १९७८ मध्ये स्टीन पायउतार झाला, जागी मॅकनील आला. क्लबने स्टीनला देऊ केलं ते निधी उभारण्याच्या, लॉटरीच्या विभागातलं पद. ज्या माणसाने क्लबला युरोपात नाव मिळवून दिलं, त्याची ही बोळवण मला आजही खटकते. तो लीड्स युनायटेडला गेला, तिथे फक्त ४४ दिवस राहिला आणि स्कॉटलंडचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली संघ १९८२ च्या विश्वचषकात खेळला.

१० सप्टेंबर १९८५ ला कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा सामना होता. स्कॉटलंडला बरोबरी पुरेशी होती. मध्यंतराला कळलं की गोलरक्षक जिम लेटनची कॉन्टॅक्ट लेन्स हरवली आहे. तो लेन्स वापरतो हे स्टीनला माहीत नव्हतं, आणि लेटनच्याच क्लबचा व्यवस्थापक असलेल्या, स्टीनच्या सहायक अ‍ॅलेक्स फर्ग्युसनलाही नव्हतं. स्टीन संतापला. ८१ व्या मिनिटाला डेव्ही कूपरने पेनल्टीवर १-१ केलं. सामना संपता संपता स्टीन मैदानाच्या कडेला कोसळला आणि तिथल्याच वैद्यकीय खोलीत हृदय बंद पडून गेला. वय ६२.

राष्ट्रीय संघाची सूत्रं फर्ग्युसनकडे आली. त्याची प्रशिक्षक म्हणून सुरुवातही खालच्या विभागातली, १९७४ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशरमध्ये, जिथे तो रुजू झाला तेव्हा जेमतेम आठ खेळाडू होते आणि गोलरक्षक एकही नव्हता. स्टीनकडून काय शिकलो, हे तो पुढे मँचेस्टरमध्ये नाव काढल्यावरही सांगत राहिला. त्यातली एक गोष्ट मे १९८३ ची. फर्ग्युसनच्या अ‍ॅबर्डीनला कप विनर्स चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदशी खेळायचं होतं. त्याने आग्रहाने स्टीनला सोबत गोथेनबर्गला नेलं. स्टीन म्हणाला, माद्रिदचा प्रशिक्षक डी स्टेफानो आहे ना, त्याला उत्तम व्हिस्कीची एक बाटली भेट दे. इथवर पोहोचलो हेच आमचं भाग्य, असं तुम्हाला वाटतंय असं त्याच्या मनात भरू दे. फर्ग्युसनने बाटली दिली. डी स्टेफानो अवाक झाला. आणि अ‍ॅबर्डीनने जादा वेळेत २-१ असा विजय मिळवला.